९९.६ टक्के बरोबर, सव्वीस शून्यं चूक

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका महाविद्यालयात एमएस्सीच्या शेवटच्या सत्रात दोघांनी मिळून प्रकल्प घेतला होता: जड अणुकेंद्रकांची बंधनऊर्जा, म्हणजे केंद्रक पूर्ण सुटं करायला लागणारी ऊर्जा, सूत्राने काढायची आणि त्यावरून कुठलं केंद्रक किती काळ टिकेल ते सांगायचं. मार्गदर्शक मी होतो. मुलगी पिंपळगाव बसवंतजवळची, घरी कांदा आणि थोडी द्राक्षबाग. मुलगा सिडकोतला, पायथॉनमध्ये हात बसलेला. असे प्रकल्प मार्गदर्शकांना आवडतात, कारण एक लॅपटॉप पुरतो, उपकरण मागवावं लागत नाही आणि निकाल हमखास 'चांगला' येतो. चांगला म्हणजे कसा, यातच या प्रकरणाची गोम आहे.

सूत्र जुनं आहे. वाइत्सेकरने १९३५ मध्ये ते मांडलं, १९३६ मध्ये बेथे आणि बॅकर यांनी घासूनपुसून वापरात आणलं. केंद्रक म्हणजे द्रवाचा थेंब असं मानायचं. प्रत्येक प्रोटॉन-न्यूट्रॉन फक्त शेजाऱ्यांना धरून असतो, म्हणून बंधनऊर्जा वस्तुमानांकाच्या प्रमाणात वाढते. पृष्ठभागावरच्यांना शेजारी कमी, तेवढी वजाबाकी. प्रोटॉन एकमेकांना ढकलतात, त्याची वजाबाकी. न्यूट्रॉन आणि प्रोटॉन यांची संख्या जितकी विषम, तितकी आणखी वजाबाकी. शेवटी सम-विषम जोड्यांची किरकोळ देणीघेणी. पाच पदं, पाच सहगुणक. पाठ्यपुस्तकांत सर्रास सापडणारा संच दोघांनी घेतला: १५.७५, १७.८, ०.७११, २३.७ आणि ११.१८, सगळे एमईव्हीमध्ये, म्हणजे दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये. विद्युत् पदात प्रोटॉनसंख्येचा वर्ग.

पोलोनियम-२१२ ची ओळ इथे पूर्ण देतो, कारण पुढे सगळं तिच्याभोवतीच फिरतं. आकारमानाचे ३३३९.०, पृष्ठभागाचे ६३२.९ वजा, विद्युत् प्रतिकर्षणाचे ८४१.४ वजा, विषमतेचे २१६.४ वजा, जोडीचे ०.८ अधिक. बेरीज १६४९.१ एमईव्ही. मोजलेलं मूल्य १६५५.८. चूक ६.७, म्हणजे ०.४ टक्के. शिसं-२०८ मध्ये चूक पाऊण टक्क्याच्या आत, युरेनियम-२३८ मध्ये तर ०.१४ टक्के. मुलाने आलेख काढला, सूत्राची रेघ आणि मोजलेले ठिपके एकमेकांवर बसलेले. पहिल्या आढाव्यात वर्गाने टाळ्या वाजवल्या.

मग अल्फा ऱ्हासाचा स्तंभ आला.

युरेनियम ऱ्हासच पावेना

अल्फा ऱ्हासात केंद्रकातून अल्फा कण, म्हणजे हेलियम-४ चं केंद्रक, बाहेर पडतं. तेव्हा किती ऊर्जा सुटते ते काढणं सोपं आहे. उरलेल्या केंद्रकाची बंधनऊर्जा अधिक हेलियम-४ ची बंधनऊर्जा, त्यातून मूळ केंद्रकाची वजा. उत्तर धन असेल तर ऱ्हास शक्य, ऋण असेल तर अशक्य. युरेनियम-२३८ साठी दोघांच्या हिशेबाच्या पत्रकाने उत्तर दिलं: उणे १.८ एमईव्ही. म्हणजे युरेनियम कायमचं स्थिर. बेकरेलने १८९६ मध्ये पाहिलेली किरणं मग कुठून आली म्हणायची?

हे कोडं लवकर सुटलं. दोघांनी हेलियमची बंधनऊर्जाही त्याच सूत्रातून काढली होती. चार कणांच्या केंद्रकाला द्रवाचा थेंब म्हणणं फारच धाडसाचं. जवळपास सगळेच कण पृष्ठभागावर. सूत्र हेलियमला २१.९ देतं, खरी किंमत २८.३. तिथे मोजलेला आकडा टाकला आणि युरेनियमचं उत्तर ४.५२ वर आलं. प्रत्यक्षात ते ४.२७ आहे. थोरियम-२३२ चं ४.१९ आलं, प्रत्यक्षात ४.०८. दोघंही खूश.

त्यांना मी तेव्हाच अर्धायुष्याचा, म्हणजे निम्मी केंद्रकं संपायला लागणाऱ्या काळाचा, स्तंभ जोडायला सांगितला. प्रकल्पाचा विषय स्थिरता होता, आणि स्थिरता वर्षांत किंवा सेकंदांत मोजतात, एमईव्हीत नव्हे. ऊर्जा आणि अर्धायुष्य यांचं नातं १९११ पासून, गायगर आणि नटॉल यांच्यापासून, माहीत आहे. ते तसं का, हे १९२८ मध्ये गॅमॉने आणि स्वतंत्रपणे गर्नी-कॉन्डन यांनी दाखवलं: अल्फा कणाला विद्युत् प्रतिकर्षणाच्या भिंतीतून आरपार निसटावं लागतं, आणि तशी संधी ऊर्जेवर प्रचंड अवलंबून असते. युरेनियम-२३८ ची ऊर्जा ४.२७ आणि अर्धायुष्य सुमारे ४.५ अब्ज वर्षं. पोलोनियम-२१२ ची ८.९५ आणि अर्धायुष्य सेकंदाचा तीस लाखावा भाग, ०.३ मायक्रोसेकंद. ऊर्जा दुप्पट, काळात मात्र जवळपास चोवीस शून्यांचा फरक.

त्यामुळे युरेनियमच्या पाव एमईव्ही चुकीनेसुद्धा अर्धायुष्य ऐंशीएक पटीने घसरलं, अब्जांवरून काही कोटी वर्षांवर आलं. यावर कुणी फार कुरकुर करणार नाही. अल्फा ऱ्हासात शंभरपटीची चूक लोक पचवतात. पोलोनियम-२१२ ची ओळ मात्र पचण्यासारखी नव्हती. सूत्राने ऊर्जा दिली ३.६ एमईव्ही. त्यावरून अर्धायुष्य निघालं साडेसहाशे अब्ज वर्षांच्या घरात, खऱ्यापेक्षा जवळपास सव्वीस शून्यं जास्त. विश्वाचं वय १३.८ अब्ज. जे केंद्रक डोळ्याची पापणी लवायच्या कितीतरी आधी संपतं, ते आमच्या पत्रकात विश्वाला पुरून उरत होतं.

"सर, बंधनऊर्जा तर नव्व्याण्णव पॉइंट सहा टक्के बरोबर आहे," मुलगा म्हणाला. तक्रारीच्याच सुरात.

कुणाकुणावर संशय घेतला

पहिला संशय आकड्यांच्या स्रोतावर. वस्तुमानांच्या तक्त्यात पूर्ण अणूचं वस्तुमान असतं, केंद्रकाचं नव्हे. हिशेबात हायड्रोजन अणूऐवजी नुसता प्रोटॉन घेतला तर शिशाच्या ८२ इलेक्ट्रॉनांचे जवळपास ४२ एमईव्ही हरवतात. दरवर्षी कुणीतरी या खड्ड्यात पडतं. इथे तसं झालं नव्हतं. बंधनऊर्जा २०२० च्या अणुवस्तुमान मूल्यमापनातून थेट उतरवलेली होती.

दुसरा संशय विद्युत् पदावर. काही पुस्तकांत प्रोटॉनसंख्येचा वर्ग असतो, काहींत प्रोटॉनसंख्या गुणिले तिच्याहून एकने कमी संख्या. मुलाने सहगुणक तेच ठेवून दुसरा प्रकार लावला आणि शिशाची चूक बारावरून दोन एमईव्हीवर आली. तो उड्या मारायचाच बाकी होता. पण युरेनियमची चूक अडीचवरून तेरावर गेली, आणि पोलोनियमची ऱ्हास-ऊर्जा ३.६ वरून ३.४ झाली. म्हणजे आणखी वाईट. एकूण आकडा सुधारला आणि वजाबाकी बिघडली, हा धडा तिथेच दिसत होता, पण मुलाचं लक्ष अजून सहगुणकांवर होतं. जड केंद्रकांवर नव्याने लघुतम-वर्ग जुळणी करू (म्हणजे एकूण चूक कमीत कमी होईल असे सहगुणक शोधू), दशांशापुढचे आकडे वाढवू, असं त्याचं चाललं होतं.

त्याला थांबवलं ते पोलोनियमच्याच समस्थानिकांनी. मुलीने सम वस्तुमानांकांचे मोजलेले आकडे एका ओळीत लिहिले, २०६ पासून २१८ पर्यंत:

५.३३, ५.२२, ५.४१, ८.९५, ७.८३, ६.९१, ६.११.

तिसऱ्या आणि चौथ्या आकड्यामध्ये पाहा. पोलोनियम-२१० मध्ये दोन न्यूट्रॉन वाढवले की ऱ्हास-ऊर्जा साडेतीन एमईव्हीने उडी घेते, आणि मग पुन्हा हळूहळू उतरायला लागते. सूत्र त्याच जागी ३.९९ वरून ३.६१ वर उतरतं, पुढे ३.२२, २.८३. एकसारखा उतार. पाचही पदं गुळगुळीत आहेत. सहगुणक काहीही घ्या, या सूत्रातून अशी एकाच जागची उडी निघणार नाही. प्रश्न जुळणीचा नव्हताच, सूत्राच्या घडणीचा होता. माझ्या मते या सगळ्या प्रकल्पातलं सगळ्यात मोलाचं काम म्हणजे वहीत हाताने लिहिलेली ही एक ओळ.

वजाबाकीचं गणित

मग ९९.६ टक्क्यांचं काय? याचं उत्तर मुलीनेच दिलं, बाजार समितीच्या भुईकाट्यावरून. भरलेली ट्रॉली काट्यावर घालतात, कांदा उतरवल्यावर रिकामी घालतात, फरक म्हणजे माल. काटा वीस किलोने इकडेतिकडे झाला तर ट्रॉलीभर कांद्यात फारसं बिघडत नाही. पण ट्रॉलीतून एकच क्रेट उतरवला आणि आधीच्या-नंतरच्या वजनातून त्या क्रेटचं वजन काढायला गेलं, तर वीस किलोच्या चुकीत अख्खं क्रेट गडप होतं. "फक्त," ती म्हणाली, "काटा दोन्ही वेळेला तेवढाच चुकत असेल तर क्रेट बरोबर येतं."

आमच्या पत्रकात नेमकं हेच घडत होतं. ट्रॉली १६००-१८०० एमईव्हीची, क्रेट चार ते नऊचं. युरेनियम-२३८ मध्ये सूत्र २.५ ने जास्त सांगतं, त्यातून उरणाऱ्या थोरियम-२३४ मध्ये २.७ ने. दोन्ही चुका एकाच दिशेच्या आणि जवळपास सारख्या, म्हणून फरक निभावला. पोलोनियम-२१२ मध्ये सूत्र ६.७ ने कमी सांगतं, आणि शिसं-२०८ मध्ये १२ ने कमी. ५.३ चा फरक तसाच उरतो, आणि तो थेट उत्तरात उतरतो. युरेनियम-थोरियमचं यश सूत्राच्या अचूकतेमुळे आलंच नव्हतं, ते चुका एकमेकींना खोडत होत्या म्हणून आलं होतं.

जाता जाता टक्केवारीबद्दल. बंधनऊर्जा म्हणजे सरळ आठ गुणिले वस्तुमानांक, एवढंच सूत्र लिहिलं तरी शिसं-२०८ मध्ये चूक पावणेदोन टक्के आणि युरेनियम-२३८ मध्ये सहाच्या आत. त्यात ना पृष्ठभाग, ना विद्युत्, काहीच नाही. जी कसोटी असल्या सूत्रालाही चौऱ्याण्णवच्या वर गुण देते, तिच्यावर नव्व्याण्णव मिळवल्याचं कौतुक किती करायचं? तरी दरवर्षीच्या प्रकल्प-अहवालांत हीच टक्केवारी ठळक अक्षरांत येते.

चुकांचाच आलेख काढल्यावर चित्र उघडं पडलं. मोजलेलं उणे सूत्राचं, आडव्या अक्षावर न्यूट्रॉनसंख्या. न्यूट्रॉन ५०, ८२ आणि १२६ या जागी शिखरं. शिसं-२०८ मध्ये प्रोटॉन ८२, न्यूट्रॉन १२६, दोन्ही एकदम. म्हणून तिथे शिखर सगळ्यात ठसठशीत. या संख्या कवच प्रतिमानातल्या, ज्यात केंद्रकातले कण ठरावीक ऊर्जापातळ्यांच्या कवचांत भरत जातात. मारिया गेपर्ट-मायर आणि हान्स येन्सन यांनी १९४९ मध्ये त्यांचं कारण दिलं: कणाची स्वतःची फिरकी आणि त्याची कक्षा यांच्यात घट्ट जोड असते, त्यामुळे ऊर्जापातळ्यांत मोठ्या फटी पडतात, आणि अशा फटीपर्यंत भरलेलं केंद्रक जास्त घट्ट बांधलेलं असतं. १९६३ चं नोबेल त्यांना विग्नरसोबत मिळालं. थेंबाला यातलं काही कळत नाही.

एक बारकावा सहज निसटतो. शिशाच्या जवळ गेलं की सूत्र फसतं, असं नाही. बिस्मथ-२०९ घ्या. ते शिशाला अगदी चिकटून, तरी सूत्राची ऱ्हास-ऊर्जा ३.४५ आणि खरी ३.१४, वाईट नाही. तिथे बिस्मथ आणि थॅलियम-२०५, दोघंही शिखराच्या दोन अंगांना जवळपास सारख्याच उंचीवर, दहाच्या आसपास. (याच बिस्मथला २००३ पर्यंत लोक स्थिर समजत, त्याचं अर्धायुष्य २ वर १९ शून्यं इतक्या वर्षांच्या घरात आहे.) पोलोनियम-२१२ चा अल्फा कण मात्र केंद्रकाला खालून थेट शिखरावर नेऊन ठेवतो. जवळ असण्याला महत्त्व नाही, चढाला आहे. थोरियमच्या ऱ्हासमालिकेत सगळ्यात ताकदीचा अल्फा कण याच पायरीवर सुटतो, ८.९५ पैकी ८.७८ एमईव्ही घेऊन (उरलेली ऊर्जा मागे ढकलल्या जाणाऱ्या शिशाकडे), आणि मालिका तिथेच शिसं-२०८ वर संपते.

दुरुस्ती आणि तिची लायकी

रीतसर दुरुस्ती म्हणजे १९६७ मधली स्ट्रुटिन्स्कीची पद्धत: ऊर्जापातळ्या काढायच्या, त्यांच्या बेरजेतला गुळगुळीत भाग वजा करायचा, उरलेली चढउताराची लाट थेंबाच्या ऊर्जेत मिळवायची. सत्र संपायला आलं होतं, तेव्हा दोघांनी हातची दुरुस्ती केली. शिसं-२०८ ला १२ एमईव्ही जास्त द्यायचे, आणि ८२ व १२६ पासून प्रत्येक कणामागे १.३ कमी करत जायचं. युरेनियम-थोरियमपर्यंत ही दुरुस्ती कधीच संपलेली असते, त्यामुळे तिकडचे आकडे होते तसेच राहतात.

पोलोनियम-२१२: ३.६ वरून ८.८. अर्धायुष्य ०.७ मायक्रोसेकंद, खरं ०.३. सव्वीस शून्यांची चूक दुपटीवर आली.

तोंडी परीक्षेला आलेल्या बाह्य परीक्षकांनी इथेच बोट ठेवलं, आणि बरोबर ठेवलं. १२ आणि १.३ हे आकडे याच दोन-तीन केंद्रकांवरून घेतले, मग त्याच केंद्रकांवर ते चालले यात नवल काय? जे पोत्यात भरलं तेच ओतलं. सुदैवाने मुलीने अहवालात आकडे ठरवताना न वापरलेल्या तीन ओळी दिल्या होत्या. पोलोनियम-२१४: दुरुस्त सूत्र ८.४ देतं, खरी ऊर्जा ७.८, अर्धायुष्य ८ मायक्रोसेकंदांच्या आसपास, खरं १६४. पोलोनियम-२१६: ८.० विरुद्ध ६.९. शिखरापासून लांब जाऊ तसा उतार मंदावतो, आमची रेघ मात्र सरळच जाते. आणि पोलोनियम-२१० वर दुरुस्तीचा काडीचाही परिणाम नाही: आधी ३.९९, नंतरही ३.९९, खरं ५.४१. कारण तिथे मूळ केंद्रक आणि उरलेलं शिसं-२०६ दोघंही शिखरापासून दोन-दोन कण दूर, दुरुस्ती दोघांना सारखीच. प्रत्यक्षात १२६ च्या अलीकडचा उतार पलीकडच्यापेक्षा सौम्य आहे, आणि आमच्या दुरुस्तीच्या टोपीला दोन्ही बाजू सारख्याच.

परीक्षकांचा दुसरा प्रश्न अतिजड मूलद्रव्यांचा होता. ११४ प्रोटॉन आणि १८४ न्यूट्रॉन असलेलं केंद्रक किती टिकेल, पत्रक सांगेल का? थेंबाचं नुसतं प्रतिमान त्याबाबतीत निराशाजनक आहे. पृष्ठताण आणि विद्युत् प्रतिकर्षण यांच्या झुंजीत प्रोटॉनसंख्येचा वर्ग भागिले वस्तुमानांक हा आकडा ५० ला पोचला की थेंब आपोआप दुभंगतो. आमच्या सहगुणकांनी ही मर्यादा ५०.१ येते. युरेनियम-२३८ चा आकडा ३५.६, ११४ प्रोटॉनांच्या फ्लेरोवियम-२८९ चा ४५. तिथे दुभंगण्याला थेंबाकडून जवळपास अडसरच उरत नाही. तरी फ्लेरोवियम-२८९ दोनेक सेकंद टिकतं, ते कवचांच्या जोरावरच. म्हणजे शिशाजवळ जी दुरुस्ती आहे, ती ११४ जवळ सगळा पाया आहे. पण १८४ पर्यंत अजून कुणी पोचलेलं नाही, फ्लेरोवियम-२८९ मध्ये न्यूट्रॉन १७५ आहेत, आणि आमचे १२ व १.३ हे आकडे मोजमापावरून उचललेले. तिथे उचलायला मोजमापच नाही. "पत्रक सांगू शकत नाही," मुलीने सरळ सांगितलं. परीक्षकांनी त्यावर पुढे काही विचारलं नाही, गुण चांगले दिले.

अंतिम अहवालातून टक्केवारीचा स्तंभ काढून टाकला आहे. त्याच्या जागी दोन स्तंभ आहेत: प्रत्येक केंद्रकाच्या एकूण बंधनऊर्जेतली चूक चिन्हासह, एमईव्हीमध्ये, आणि शेजारी ऱ्हास-ऊर्जेतली चूक. पहिल्या स्तंभात सलग सारख्या चिन्हाचे, सारख्या मापाचे आकडे असतील तिथे दुसरा स्तंभ आपोआप लहान राहतो, आणि हे वाचणाऱ्याला न सांगता दिसतं.

पुढच्या तुकडीतल्या एकाने काम तिथून उचललं आहे. १२ हा आकडा हाताने न घालता पातळ्यांमधून यावा, असा प्रयत्न आहे. पहिली पायरी सोप्या विभवाची, सरल आवर्त दोलकाची, म्हणजे कण स्प्रिंगला बांधल्यासारखा मानायचा. त्यात फटी येतात २, ८, २० पर्यंत ठीक, पण पुढे ४०, ७०, ११२. फिरकी-कक्षा जोडणीचं पद घातल्यावर त्या ५०, ८२ आणि १२६ वर सरकतात. स्ट्रुटिन्स्कीची गुळगुळीत बेरीज अजून त्याच्या प्रोग्रामात बसायची आहे.